खिडकीबाहेरचा बिंदू

गराज सेलमध्ये पंधरा डॉलरला मिळालेल्या त्या कॅल्क्युलेटरच्या पाठीवर कुणीतरी करकटकाच्या टोकाने एक वाकडातिकडा तारा कोरलेला होता. घरी आल्यावर सहज 'ऑन' दाबलं तर पठ्ठ्या चालू झाला. 'वाय=' हे बटण दाबलं आणि आधीच्या मालकाची दोन समीकरणं तशीच बसलेली दिसली. 'ग्राफ' दाबलं. डावीकडून एकेक ठिपका टाकत एक रेघ वर चढली, मग दुसरी खाली उतरली, मधोमध फुली झाली. कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं गणित. उत्तर वाचायच्या आत तासाची घंटा झाली असणार.

मला ती समीकरणं पुसवेनात. त्या यंत्रात एक सोय आहे: समीकरणातल्या 'बरोबर'च्या चिन्हावर जाऊन एंटर दाबलं की ते नुसतं झोपतं, जात नाही. लेकीला म्हटलं, ही दोघं इथेच झोपू देत, तू तिसऱ्या ओळीपासून तुझं लिही.

लेक आठवीत आहे. आम्ही डॅलसच्या उत्तरेला, प्लेनोत राहतो. इथे आठवीपासून ग्राफिंग कॅल्क्युलेटर परीक्षेलासुद्धा लागतो. शाळेत रंगीत पडद्याचे आहेत, पण ते वर्गातच ठेवून यायचं. नवा घ्यायचा तर शंभराच्या वर डॉलर. म्हणून हा जुना टीआय-८३ प्लस, १९९९ चं मॉडेल, चार बारक्या पेन्सिल सेलवर चालणारा. ज्या कंपनीचा तो आहे त्या टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचं, म्हणजे टीआयचं, मुख्यालय इथंच डॅलसमध्ये. याच कंपनीत १९५८ साली जॅक किल्बीने पहिली एकात्मिक चिप करून दाखवली होती. आलेख काढणारा पहिला कॅल्क्युलेटर मात्र जपान्यांचा, कॅसिओचा, १९८५ चा. टीआय पाच वर्षं उशिरा आली आणि अमेरिकेतल्या शाळा बळकावून बसली.

मी भुसावळची. दहावी १९९६ ची. आमच्या वेळी बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर म्हणजे कॉपीच्याच जातीतली वस्तू. त्यामुळे सुरुवातीला या यंत्राकडे मी जरा तिरक्या नजरेनेच बघत होते. रेघ काढायलासुद्धा मशीन लागतं का तुम्हाला, असं एकदा बोलूनही गेले. लेकीने उत्तर दिलं नाही. तेरा वर्षांची मुलगी उत्तर देत नाही तेव्हा ते उत्तरच असतं.

तर त्या दिवशीचं गणित असं होतं: शाळेच्या नाटकाची एकूण ३५० तिकिटं खपली. मोठ्यांचं तिकीट ८ डॉलर, मुलांचं ५. गल्ला जमला २२०० डॉलर. कोणाची किती?

(अमेरिकन पुस्तकांत सगळी रेषीय समीकरणं तिकीटखिडकीवर, जिममध्ये नाहीतर फोन कंपनीच्या दुकानात भेटतात. आमच्या पुस्तकात वडिलांचं वय मुलाच्या तिपटीहून पाचने जास्त असायचं आणि एक नाव प्रवाहाच्या दिशेने जाऊन प्रवाहाविरुद्ध परत यायची. त्या नावाड्याला कुठे जायचं असे ते कुणीच सांगितलं नाही.)

मोठ्यांची तिकिटं क्ष, मुलांची य. माझ्या पुस्तकात तोपर्यंत इंग्रजी अक्षरं आली होती, पण बाबा कायम क्ष आणि य म्हणायचे, तीच जिभेवर बसली. लेकीने दोन्ही समीकरणं य सुटा करून लिहिली: य = ३५० − क्ष, आणि य = (२२०० − ८क्ष) ÷ ५. यंत्राला असंच लागतं. त्याला '८क्ष + ५य = २२००' दिलेलं कळत नाही, य एकटा डावीकडे उभा करून द्यावा लागतो. पहिल्यांदा 'एरर: सिंटॅक्स' आलं, कारण तिने वजाबाकीच्या जागी ऋण संख्येचं बटण दाबलं होतं. ती दोन निराळी बटणं आहेत. आपण कागदावर एकाच आडव्या रेघेला दोन कामं लावतो हे मला चाळिशी ओलांडल्यावर या यंत्राने शिकवलं.

मग तिने 'ग्राफ' दाबलं.

पडद्यावर दोन अक्ष आणि बाकी कोरं.

"आई, काहीच येत नाहीये."

मी भाकरी थापत होते, हात पिठाचे. म्हटलं, पुन्हा दाब. तिने पुढचं सगळं करून पाहिलं. 'सेकंड', 'ट्रेस', मग यादीतलं पाचवं: 'इंटरसेक्ट'. यंत्र विचारतं, पहिली रेघ कोणती? एंटर. दुसरी? एंटर. मग एक शब्द येतो: 'गेस?' एंटर. आणि आलं 'एरर: नो साइन चेंज'.

"अच्छा," ती म्हणाली, "पॅरलल आहेत," आणि वहीत 'नो सोल्यूशन' लिहून खाली रेघही मारली.

आदल्याच दिवशी वर्गात त्यांना समांतर रेघा दाखवल्या होत्या. समांतर रेघांचा छेदनबिंदू विचारला की यंत्र हाच निरोप देतं. तिने जे पाहिलं होतं त्यावरून तिचा निष्कर्ष बरोबरच होता. पण चढ बघा: एका रेघेचा −१, दुसरीचा −१.६. चढ वेगळे असले की सरळ रेघा कुठे ना कुठे भेटणारच, त्यांना गत्यंतर नाही. यातल्या दोन्ही रेघा त्या चौकटीत नव्हत्याच. यंत्राची नेहमीची खिडकी उणे १० ते अधिक १०, आडवी आणि उभी. पहिली रेघ य-अक्षाला ३५० वर छेदते, दुसरी ४४० वर. म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कागदावर आपण भुसावळ-जळगाव शोधत होतो. आणि 'इंटरसेक्ट' शोधतं ते खिडकीपुरतंच. भेट खिडकीबाहेर असली तरी 'नो साइन चेंज', भेट मुळात नसली तरी 'नो साइन चेंज'. दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच उत्तर. हे मला फार खटकलं, आणि अजूनही खटकतं. 'मला दिसलं नाही' आणि 'नाही' यांत फरक करायला आपण लहान मुलांना शिकवतो.

हात धुतले आणि तिच्या शेजारी बसले. खिडकी किती मोठी घ्यायची? ती म्हणाली, हजार बाय हजार घेऊ. म्हटलं, घेता येईल, पण तिकिटं एकूण किती खपली? ३५०. मग मोठ्यांची ३५० च्या वर जातील? नाही. शून्याखाली? "मायनस तिकीट कोण विकत घेईल?" म्हणजे क्ष ० ते ३५०, य पण ० ते ३५०. विंडो बदलली. आता रेघा आल्या, एकमेकींना छेदल्या, आणि तळाशी उमटलं: एक्स १५०, वाय २००. तिने वहीतलं 'नो सोल्यूशन' खोडरबराने इतकं घासलं की कागद विरला.

दहावीच्या बीजगणितात एकसामयिक समीकरणांचा आलेख आला की आम्ही खूश असायचो, मार्क हमखास म्हणून. तीन-चार किंमतींचा तक्ता करायचा, वर क्ष, खाली य, त्याखाली कंसात जोडी. आलेख कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचं, 'प्रमाण: दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक'. ते राहिलं की आमचे सर अर्धा मार्क कापायचे आणि वर म्हणायचे, बिनप्रमाणाचा आलेख म्हणजे बिनपत्त्याचं पाकीट. शिसपेन्सिल टोकदार हवी, रेघेच्या दोन्ही टोकांना बाण हवेत. हे सगळं आम्ही इमानेइतबारे केलं. पण प्रमाण निवडायची वेळ आमच्यावर कधी आलीच नाही. छेदनबिंदू कायम हाताच्या अंतरावर: (२, ३), (−१, ४), फार तर (५, −२). पुस्तकातली उत्तरं सभ्य असायची, कागदाबाहेर जात नसत. उत्तर अपूर्णांकात आलं तर आपलंच काहीतरी चुकलं हे आम्ही न तपासता ओळखायचो, आणि ते खरंही निघायचं. म्हणजे उत्तर कुठे शोधायचं हे गणित पुस्तक लिहिणाऱ्यांनीच आधी सोडवून ठेवलं होतं. 'प्रमाण' हा शब्द मी निदान दोनशे वेळा लिहिला असेन, पण १ सेमी म्हणजे १ एककच का, हे एकदाही विचारलं नाही.

खरा आलेख मी बघितला होता, पण तो आलेख आहे हे तेव्हा कळलं नव्हतं. बाबा रेल्वेत सेक्शन कंट्रोलर. भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात एकदा डबा द्यायला गेले होते, तेव्हा त्यांच्या टेबलावर हा एवढा लांबलचक तक्ता पसरलेला. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि रंगीत पेन्सिलींच्या तिरक्या रेघा, एकेक गाडीची एकेक. वेगवान गाडीची रेघ उभट, मालगाडीची पसरट. उलट दिशेच्या गाडीची रेघ वरून खाली यायची. जिथे दोन रेघा छेदतात तिथे दोन गाड्या समोरासमोर. चाळीसगाव-धुळ्यासारख्या एकेरी मार्गावर तो बिंदू स्टेशनातच पडला पाहिजे, दोन स्टेशनांच्या मध्ये पडून चालत नाही. बाबा त्याला 'क्रॉसिंग' म्हणायचे. गाडी लेट झाली की रेघ सरकायची, क्रॉसिंग पुढच्या स्टेशनावर न्यावं लागायचं. माझ्या आलेखाच्या वहीत सगळे छेदनबिंदू (२, ३) वर असताना घरातलाच एक माणूस दिवसभर फोन कानाला लावून ते बिंदू इकडून तिकडे हलवत होता. त्यांनी ते मला गणित म्हणून कधी सांगितलं नाही. त्यांच्या लेखी ती ड्यूटी होती.

त्या रात्री लेकीला आणखी एक गणित घातलं. शाळेत असताना आमची सहल पाटणादेवीला गेली होती. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा उल्लेख आहे. सरांनी त्याच्यासमोर उभं करून आम्हाला भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तलं एक उदाहरण सांगितलं होतं, ते डोक्यात राहिलं. ग्रंथ शके १०७२ चा, म्हणजे ११५० चा. गणित असं: दोन मित्र आहेत. पहिला म्हणतो, तू मला १०० दिलेस तर मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो, तूच मला १० दे, मग मी तुझ्या सहापट होतो. प्रत्येकाकडे किती?

लेकीने आधी ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. मग समीकरणं मांडली. पहिल्याचं क्ष, दुसऱ्याचं य. क्ष + १०० = २(य − १००), य + १० = ६(क्ष − १०). य सुटा केला: य = (क्ष + ३००) ÷ २, आणि य = ६क्ष − ७०. नेहमीच्या खिडकीत हेही कोरंच येतं. पहिली रेघ य-अक्षाला १५० वर छेदते, दुसरी खालच्या उजव्या कोपऱ्याला जेमतेम शिवते. पण आता ती घाबरली नाही. पेन्सिल तोंडात धरून बसली आणि म्हणाली, "पहिल्याकडे दहा तरी असणार, कारण तो दहा देणार आहे. आणि दुसऱ्याकडे हंड्रेड तरी पाहिजेत ना? नाहीतर देणार कुठून?"

हे मला सुचलं नव्हतं. मी 'विंडो' मोठी मोठी करत जा एवढंच सांगणार होते. खालची हद्द गणितातच सांगितलेली आहे, देणाऱ्याच्या हातात देण्याएवढं असलं पाहिजे. तिने क्ष १० पासून १०० पर्यंत घेतला, य १०० पासून ३०० पर्यंत. पहिल्याच फटक्यात फुली दिसली. पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०. तोंडी ताळा केला: १४० हे ७० च्या दुप्पट, १८० हे ३० च्या सहापट.

भास्कराचार्यांना अर्थातच खिडकी नव्हती आणि अक्षही नव्हते, ते फ्रेंच गणिती देकार्तच्या १६३७ च्या पुस्तकानंतरचे. पण त्यांच्याकडे रंग होते. पहिल्या अज्ञात राशीला ते 'यावत्तावत्' म्हणत आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक, लोहितक: काळा, निळा, पिवळा, तांबडा. हे सांगितलं तर लेक म्हणाली, शाळेतल्या कॅल्क्युलेटरवर पण पहिली रेघ निळी येते, दुसरी लाल. मग आमच्या गराज सेलवाल्याकडे बघून, "हा सगळा कालक आहे."

'गेस?' या शब्दाबद्दल तिने विचारलं. उत्तर मशीन काढणार तर अंदाज मी का सांगू? याला चांगलं उत्तर आहे. वक्र रेघा दोन-तीन ठिकाणी भेटतात, तेव्हा त्यातली कुठली भेट हवी ते कर्सर नेऊन दाखवावं लागतं. यंत्र तिथून सुरू करून जवळजवळ सरकत जातं. दोन सरळ रेघांना एकच भेट असते, तिथे तो प्रश्न नुसती रीत म्हणून उरतो. पण मला तो आवडतो. एवढं आकडेमोड करणारं यंत्र शेवटच्या पायरीवर थांबून विचारतं, तुम्हाला काय वाटतं?

मग तिला मॅट्रिक्सची, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्याची, वाट सापडली, तीही वर्गात कुणीतरी दाखवलेली. नुसते सहगुणक भरायचे, दोन ओळी, तीन स्तंभ, आणि 'आरआरईएफ' ही आज्ञा द्यायची, की यंत्र तो तक्ता स्वतःच सोडवतं. नाटकाचं गणित घातलं की क्षणात येतं: पहिल्या ओळीत १, ०, १५०, दुसरीत ०, १, २००, म्हणजे क्ष १५०, य २००. ना खिडकी, ना अंदाज. आम्ही क्रेमरच्या रीतीने निश्चयक मांडून दहा मिनिटं घालवायचो तेच हे, फक्त थोड्या वेगळ्या रस्त्याने. "मग ग्राफ काढायचाच कशाला?" हा प्रश्न येणारच होता.

त्याचं उत्तर मला विजेच्या बिलाने दिलं. टेक्ससच्या या भागात वीज कुठल्या कंपनीची घ्यायची ते आपण ठरवतो, आणि दर वर्षी करार संपला की नव्या योजनांचा बाजार भरतो. प्रत्येक योजनेला एक छापील पत्रक जोडावं लागतं, त्यात ५००, १००० आणि २००० युनिटला सरासरी दर काय पडेल ते देतात. त्या दराला युनिटने गुणलं की साध्या योजनेत एकाच रेघेवरचे तीन बिंदू, आमच्या दहावीच्या तक्त्यासारखे! गेल्या वर्षी माझ्यापुढे दोन योजना होत्या. एकीत स्थिर आकार नाही, युनिटला १५ सेंट. दुसरीत महिना १० डॉलर स्थिर, वर युनिटला १४ सेंट. तारांचं भाडं दोन्हीकडे सारखं, म्हणून सोडून दिलं. छेदनबिंदू तोंडीच येतो: १००० युनिट. आमचा वापर हिवाळ्यात त्याच्या खाली, उन्हाळ्यात एसी धडधडायला लागला की वर. वर्षाचा हिशोब करून मी दुसरी घेतली.

सही केल्यावर आठवड्याने पत्रक पुन्हा वाचलं. दर १४.५ होता. पॉइंट पाच मीच लिहायला विसरले होते. अर्ध्या सेंटने छेदनबिंदू किती हलला? १००० वरून थेट २००० वर. आमचे वर्षातले जेमतेम दोन महिने तिथे पोचतात. वर्षभरात पन्नासेक डॉलरचा फटका. रक्कम मोठी नाही, पण गणितात नापास झाल्यासारखं वाटलं.

या दोन रेघा मी लेकीला जुन्या यंत्रावर काढून दाखवल्या, १५ आणि १४ सेंटवाल्या. खिडकी आडवी ० ते २०००, उभी ० ते ३०० डॉलर. त्या पडद्यावर ठिपक्यांचे ९६ स्तंभ आणि ६४ ओळी, म्हणजे एका ठिपक्याची उंची जवळजवळ पाच डॉलर. दोन्ही टोकांना रेघा दोन ठिपके लांब, आणि मध्ये साधारण ५०० पासून १५०० युनिटपर्यंत एकमेकींना चिकटलेल्या. "यात पॉइंट कुठे आहे?" तिने विचारलं. पॉइंट त्या चिकटलेल्या पट्ट्यात कुठेही असू शकतो आणि एखादा आकडा किंचित चुकला की पळतो. मॅट्रिक्स मात्र अगदी ठामपणे '१०००' सांगून मोकळं होतं. चिकटलेल्या रेघांनी मला आणखी एक सांगितलं: या पट्ट्यात कुठलीही योजना घ्या, फरक महिन्याला पाच डॉलरच्या आतला आहे, जिवाला घोर लावून घेऊ नका. पडदा जुना आणि जाडाभरडा म्हणूनच ते इतकं ढळढळीत दिसलं. नव्या रंगीत पडद्यावर रेघा सुट्या दिसल्या असत्या आणि मी अर्धा तास नेमका बिंदू शोधत बसले असते.

करार पुढच्या महिन्यात संपतो आहे. काल जेवणं झाल्यावर लेकीने वर्षभराची बिलं मागून घेतली. पहिल्या दोन ओळींतली त्या अनोळखी पोराची समीकरणं अजून झोपलेलीच आहेत. तिने तिसरी आणि चौथी ओळ भरली आणि मी एकेक महिन्याचे युनिट वाचून दाखवायला लागले. जानेवारी ७४०. फेब्रुवारी ६९५. एप्रिल, मे करत जुलैवर आले.

"२३६०."

तिचं बोट 'ग्राफ'वर होतं, ते तिने उचललं.

"थांब आई, खिडकी वाढवते."